पेंढा, धूर आणि कांडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतील यापूर्वीची पुष्पे ज्या विद्वानांनी गुंफली, त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा उत्तरेतील इतिहास असे भारदस्त विषय हाताळले. त्यानंतर आम्ही उभे राहून पेंढ्याविषयी बोलणार, हे कळल्यावर कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी विषय थोडा उंच करता येईल का, असे मोठ्या सभ्यपणाने सुचविले. आम्ही त्यांना म्हटले, आम्ही तो एकदा वीस फूट उंच करून पाहिला आहे. त्याचे पुढे काय झाले तेही आज सांगणार आहोत.

आमचा परिचय अध्यक्षांनी करून दिलाच आहे. त्यात एवढीच भर घालतो, की आमचा जन्म भंडारा जिल्ह्यातला, म्हणजे भाताच्या मुलखातला, आणि नोकरीची चौतीस वर्षे वीजकेंद्रांच्या बॉयलरांपुढे गेली. निवृत्तीनंतर गावी परतण्याचा बेत होता. परंतु मुलगा येथेच पंजाबात स्थिरावला, नातवंडे आमच्याशी मराठीत आणि आपसांत पंजाबीत भांडू लागली, आणि शेजारच्या सरदारजींनी पराली दाबून इंधन करण्याचा कारखाना भागीत काढण्याचा प्रस्ताव मांडला. २०१८ साली संगरूरच्या बाजूला जागा घेतली आणि आम्ही दोघे म्हातारपणी कारखानदार झालो. पराली म्हणजे भाताचा पेंढा, हे येथे राहणाऱ्या कोणाला सांगावयास नको.

सभेतील वडीलधाऱ्यांपैकी काहींना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याचा डबा, त्याला तळाशी बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरावयाची, बाजूच्या भोकातून एक दांडा आत सारावयाचा आणि लाकडाच्या वखारीतून पोत्याने आणलेला भुसा त्यांच्या भोवती ठासून भरावयाचा. मग बाटली व दांडा हलक्या हाताने ओढून काढले, की भुशात एक नळी तयार होई. खालून कागद पेटवून दिला म्हणजे ती शेगडी तासन् तास संथपणे जळत राही. आम्ही नागपूरला मामांकडे शिकावयास होतो, तेथे भुसा ठासण्याचे काम आमच्याकडे असे. एकदा पतंगाच्या नादात ते अर्धवट उरकले आणि ऐन स्वयंपाकात भुसा ढासळून भात कच्चा राहिला. मामींचा धपाटा अजून आठवतो. भुसा तोच, वखार तीच. सैल भरला तर भडकतो किंवा विझतो, आणि दाबून भरला तर इंधन होतो, हा धडा आम्ही तेथे घेतला. पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो वेगळ्या भाषेत वाचला एवढेच.

इंधनाची पेलेट म्हणजे तेच ठासण्याचे काम यंत्राने करणे. पेलेट हा शब्द आता इकडे ट्रॅक्टरवाल्याच्याही तोंडी बसला आहे. आपण तिला कांडी म्हणू. ज्यांच्या घरी गाई-म्हशी होत्या त्यांनी गोळीपेंड पाहिली असेल. ती ज्या जातीच्या यंत्रात तयार होते, त्याच जातीच्या यंत्रात ही कांडीही निघते. पोलादाचे एक जाड कडे, त्याला आरपार शेकडो भोके आणि आत रूळ. कुटलेला माल रूळ व कडे यांच्या चेपात सापडून भोकांतून बाहेर ढकलला जातो आणि बाहेर बसविलेली पाती त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. त्यात डिंक, खळ, मळी असे काही घालावेच लागते असे नाही. वनस्पतीच्या अंगात लिग्निन नावाचे द्रव्य असते. लाकडाला ताठपणा येतो तो त्याच्यामुळे. घर्षणाने माल शंभर अंशांच्या आसपास तापला, की ते मऊ पडते आणि निवाल्यावर माल घट्ट धरून ठेवते. मात्र मालात ओल दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान हवी. माल फार कोरडा असला तर कांडीचा भुगा होतो किंवा भोके बुजून यंत्र अडते. फार ओला असला तर आत वाफ होऊन कांडी फुगते व तडकते. आमच्याकडे ओल मोजण्याचे यंत्र आहे. आमच्या फोरमनचा त्याच्यावर विश्वास नाही. तो मूठभर भुसा दाबतो, हात उघडतो, तोंडाने काही पुटपुटतो आणि निर्णय देतो. आणि पुष्कळदा त्याचेच खरे ठरते.

शेतात सुटा पडलेला पेंढा एका घनमीटरमध्ये शंभर किलोही भरत नाही. कांडी केली, की तेवढ्याच जागेत सहाशे-सातशे किलो मावतात. सुट्या पेंढ्याचा ट्रक भरून दूरच्या बॉयलरापर्यंत नेणे म्हणजे पैसे मोजून वारा वाहून नेणे होय. कांडी पोत्यात भरता येते, ट्रकमध्ये वजनाने भरता येते आणि भट्टीत धान्यासारखी ओतता येते.

युरोप-अमेरिकेत ही कांडी १९७३ च्या तेलटंचाईनंतर पुढे आली. तेथे ती करवतीच्या भुशाची असते आणि घरे ऊबदार ठेवण्यासाठी जाळली जाते. स्वच्छ लाकडाच्या कांडीत राख जेमतेम एक टक्का. त्या देशांतील सुबक छायाचित्रे पाहूनच आम्ही दोघे या धंद्यात पडलो. आपला माल निराळ्या जातीचा आहे, हे आम्हांला यंत्राची किंमत चुकती केल्यावर कळले.

आता धुराविषयी.

२०१५ च्या एप्रिलमध्ये घुमान येथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा येथील बरीच मंडळी नामदेवांच्या त्या गावी गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गहू पिवळा पडू लागला होता, आणि आमच्या गाडीतील एका भगिनींनी हा मुलूख किती सोन्यासारखा आहे असे उद्गार काढले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आम्ही पुन्हा दर्शनाला गेलो, तर भर दुपारी मोटारीचे दिवे लावावे लागले. दोन्ही बाजूंना शेते पेटलेली होती आणि रस्त्यावर काळी काजळी उडत होती. पुढल्या वर्षी, २०१६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, धुरक्यामुळे दिल्लीच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच आठवड्यात आमच्या नातवाला दम्याचा पहिला झटका आला. मध्यरात्री त्याला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढताना आम्ही शेतकऱ्यांना काय काय म्हणालो, ते येथे सांगण्यासारखे नाही. आपल्यापैकी अनेकांनी दिवाळीच्या फराळाबरोबर तसेच काही म्हटले असेल. मंडळाच्या बैठकीत तर आम्ही ते दरवर्षी ऐकतो.

म्हणून शेतकरी पेंढा का जाळतो, हे जरा सावकाश सांगितले पाहिजे. पंजाबी माणसाच्या थाळीत भाताला पूर्वी फारसे स्थान नव्हते. हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदीचा निश्चित भाव आणि नलिकाकूपांचे पाणी यांमुळे तो शेतात आला, आणि आज तीस लाखांहून अधिक हेक्टरांवर उभा असतो. पाण्याची पातळी खोल जाऊ लागली, तेव्हा २००९ च्या कायद्याने १० जूनच्या आधी रोप लावण्यास बंदी झाली, म्हणजे कडक उन्हाळ्यातील उपसा वाचावा. ही तारीख नंतर पुढेमागे होत आली आहे. हेतू चांगला होता आणि गरजही खरी होती. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. इकडे गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला नाही, तर फाल्गुन-चैत्रातील उष्ण वारे दाणा भरण्याच्या आत त्याला गाठतात. या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्याच्या हाती उरतात पंधरा, फार तर वीस-पंचवीस दिवस.

त्यातून कापणी होते कंबाइनने. ते दाणे घेऊन पुढे जाते. मागे टाचभर ते गुडघाभर उभी धसकटे आणि त्यांवर सुट्या पेंढ्याचे पट्टे सोडते. एकरी दोन ते अडीच टन पेंढा, सबंध पंजाबात मिळून वर्षाला सुमारे २ कोटी टन. आमच्याकडे भंडाऱ्याला या पेंढ्याला तणस म्हणतात आणि त्याची गंजी ही घराची श्रीमंती समजली जाते. कोकणात तो गुरांना घालतात, छपरावर शाकारतात, आंब्याच्या पेट्यांत घालतात. मग येथे तो जनावरांना का घालीत नाहीत, असा प्रश्न आम्हीही नवे असताना विचारला होता. बासमतीचा पेंढा येथेही घालतात. परंतु जाड भाताच्या पेंढ्यात वाळूचे द्रव्य, म्हणजे सिलिका, फार असते, आणि गव्हाची मऊ तूडी घरोघर भरपूर असताना म्हैस त्याला तोंड लावीत नाही. एक काडी ओढली की एका संध्याकाळी दहा एकर मोकळे होतात. दुसरा कोणताही उपाय त्या एका काडीपेक्षा महाग आहे. दिल्लीच्या आकाशातील धुरात या पेंढ्याचा वाटा काही दिवशी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असतो आणि कित्येक दिवशी अगदी थोडा. बाकीचा मोटारींचा, कारखान्यांचा, धुळीचा, म्हणजे बहुतांशी आपला असतो.

आणि आपण महाराष्ट्रीयांनी फार सोवळे राहू नये. कोकणातला राब आपलाच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे ऊस तोडून नेल्यावर पाचट पेटवून देण्याची चाल आजही पुरती गेलेली नाही, आणि विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर ढीग करून जाळतात. पुण्याच्या आरती या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसविली, तिला २००२ साली इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वाचून आम्हांला अभिमान वाटला होता. पाचट मात्र आमच्या मेहुण्यांच्या शेतात त्याही वर्षी जळाले.

असो. आम्ही कारखाना काढला आणि पहिली गाठ पडली सिलिकाशी. भाताच्या पेंढ्यात राख पंधरा ते वीस टक्के, आणि त्या राखेतील तीन-चतुर्थांशाच्या आसपास सिलिका. म्हणजे आम्ही पोलादाच्या भोकांतून बारीक कानसच फिरवीत होतो. पहिले कडे पहिल्याच हंगामात झिजून भोके रुंदावली आणि कांडी ढिली पडू लागली. कुटणाऱ्या यंत्राचे हातोडे दर काही दिवसांनी उलटवावे लागत. यंत्र विकणाऱ्याने आम्हांला जे आयुष्य सांगितले होते, ते लाकडाच्या भुशाचे होते. आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

दुसरी अडचण भट्टीतली. येथे आमचे गलाई व्यवसायातील बंधू बसले आहेत, विटा-खानापूरकडून येऊन चार पिढ्या सोने-चांदी गाळीत आहेत. त्यांना हे चटकन समजेल. मुशीत टाकणखार का टाकतात? मळ लवकर वितळून पातळ व्हावा म्हणून. पेंढ्यात पोटॅश असते, आणि ते राखेच्या बाबतीत नेमके टाकणखाराचेच काम करते. एरवी न वितळणारी सिलिका त्याच्या संगतीने कमी उष्णतेला मऊ होते आणि बॉयलराच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटून बसते. सोन्याच्या मुशीत जे हवे, ते बॉयलरात नको. जोडीला क्लोरीन असते, ते नळ्या खाते. म्हणून वीजकेंद्राच्या बॉयलरात निव्वळ पेंढ्याची कांडी जाळीत नाहीत, कोळशात शेकडा पाच-दहा एवढीच मिसळतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. किंबहुना आपल्या देशी कोळशातच राख पस्तीस-चाळीस टक्के असते, त्यामानाने आमची कांडी स्वच्छ. उष्णता किलोमागे सव्वातीन ते साडेतीन हजार किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे हलक्या देशी कोळशाच्या शेजारी बसविण्यासारखी. आणि गंधक अगदी कमी. कांडी हवाबंद भांड्यात अडीचशे-तीनशे अंशांवर भाजून घेतली, तर ती काळी व ठिसूळ होते, पावसाला दाद देत नाही आणि कोळशाबरोबर सहज दळली जाते. त्याचा खर्च मात्र आमच्या आवाक्यातला नाही.

पण ही सारी यंत्राची गोष्ट झाली, आणि यंत्राच्या अडचणी पैशाने व अनुभवाने सुटतात. आम्हांला ज्या गोष्टीने जेरीस आणले ती वीस दिवसांची होती. हिशेब करून पाहू. आमचा कारखाना तासाला तीन टन कांडी पाडतो. वीस तास चालला तर दिवसाला साठ टन आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठरा हजार टन. एकरी दोन टन पेंढा हाती लागतो असे धरले तरी नऊ हजार एकर शेत हवे. पेंढा कापणारे, तो ओळीत ओढणारे आणि त्याच्या गाठी बांधणारे अशी तीन यंत्रे शेतातून एकामागून एक फिरतात. मध्ये दोन दिवस उन्हाचे. गाठी बांधणारे एक यंत्र दिवसाला पंधरा-वीस एकर उरकते. म्हणजे पंचवीस दिवसांत नऊ हजार एकर उरकण्यास अशी वीस यंत्रे, तेवढेच ट्रॅक्टर, आणि ट्रॉल्या वेगळ्याच. ही यंत्रे उरलेले अकरा महिने बहुतेक उभी. वर्षभराचा माल तीन आठवड्यांत घरात आणावयाचा, मग तो वर्षभर उंदीर, पाऊस आणि आग यांपासून राखावयाचा. सुगीची कोठी भरणाऱ्या आपल्या आज्यांना हे गणित आमच्याहून चांगले समजले असते.

आणि आता त्या वीस फुटांकडे येतो. दुसऱ्या हंगामात पाऊस लांबला होता, पेंढ्यात ओल होती आणि आम्हांला घाई होती. गाठी बांधल्या आणि जागा वाचविण्यासाठी एकाला एक लावून उंच रचल्या. ओला पेंढा दाबून ठेवला, की आत सूक्ष्म जीव कामाला लागतात आणि गंजीचे पोट तापत जाते, हे आम्हांला पाठ होते. बॉयलरच्या माणसाने ते विसरावे हे अक्षम्यच. २०२० च्या जानेवारीत एका सकाळी धुके निवळले, पण एका गंजीवरचे निवळेना. सरदारजी म्हणाले, ते धुके नाही. दुपारपर्यंत तीन गंज्या पेटल्या. आगीचे बंब आले, तरी आतली आग तीन दिवस धुमसत होती. तो पिवळट दाट धूर सगळा शेजारच्या गावात शिरला. ज्या शेतकऱ्यांना आम्ही दोन वर्षे धुरावर प्रवचने दिली होती, तेच बादल्या आणि ट्रॅक्टरचे पंप घेऊन धावत आले, आणि त्यांच्यापैकी एकानेही आम्हांला काही ऐकविले नाही. एक वृद्ध गृहस्थ, बारा एकरांचे धनी, रात्रभर थांबले. गावात त्यांना सगळे बाबाजी म्हणतात. पहाटे त्यांनी आम्हांला घरी नेऊन चहा पाजला.

त्या बाबाजींना आम्ही शब्द दिला, की येत्या कार्तिकात तुमच्या शेतातील पेंढा आम्ही वेळेवर उचलू. त्यांनी काडी न लावण्याचे कबूल केले. २०२० चा हंगाम आला. आमच्याकडे त्या वेळी भाड्याची चार यंत्रे होती. त्यांतील एकाचा गाठ बांधणारा भाग मोडला आणि त्याचा सुटा भाग यावयास आठवडा लागणार होता. उरलेल्या तिहींपैकी एक बाबाजींच्या शेतावर पाठवावयाचे, की पलीकडे एका मोठ्या जमीनदाराचे साठ एकर सलग मोकळे होते तेथे, असा प्रश्न पडला. यंत्र जितके कमी हलवावे तितके स्वस्त. आम्ही साठ एकरांकडे पाठविले. हा निर्णय आमचा होता. सरदारजींचा त्याला विरोध होता, हेही येथे नमूद करतो. बाबाजींनी आठ दिवस वाट पाहिली. रोज त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून येऊन विचारून जाई. नवव्या दिवशी आम्ही स्वतः क्षमा मागावयास गेलो, तेव्हा ते बांधावर उभे होते आणि अर्धे शेत पेटलेले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, की इंजिनिअरसाहेब, गव्हाला तुमचा निरोप कळत नाही.

घरी आलो तेव्हा नातू खिडक्या बंद करून आत बसला होता. त्या संध्याकाळी त्याच्याशी काही बोलवेना.

पुढल्या वर्षापासून आम्ही एकरांची हाव सोडली. स्वतःच्या यंत्रांना जेवढे शेत झेपेल तेवढेच कबूल करतो, म्हणजे कारखाना वर्षातील चारसाडेचार महिने बंद राहतो आणि बँकेचे व्याज मात्र चालू राहते. कोणाच्या शेतावर कोणत्या तारखेला यंत्र येणार, त्याची यादी गावच्या गुरुद्वाऱ्याच्या फलकावर लावतो. लहान शेते आधी. तारीख चुकली तर दर दिवसामागे ठरलेली रक्कम आम्ही शेतकऱ्याला देतो. गेल्या चार हंगामांत ती अकरा वेळा द्यावी लागली. गंज्या आता लहान रचतो, दोन गंज्यांमध्ये बंब जाईल एवढी वाट ठेवतो आणि पोटात लोखंडी सळई खुपसून ती हाताला किती गरम लागते ते रोज पाहतो.

गिऱ्हाइकांविषयी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोळशात कांडी मिसळण्याचे धोरण जाहीर केले आणि त्याच सुमारास दादरी येथे एन्‌टीपीसीने ते करून दाखविले. ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने वीजकेंद्रांना वर्षभरात पाच टक्के मिसळण्याचे बंधन घातले. ते बहुतेकांना साधले नाही, म्हणून २०२३ मध्ये पाच टक्क्यांची मुदत २०२४-२५ पर्यंत आणि सात टक्क्यांची २०२५-२६ पर्यंत पुढे नेली. हजार मेगावॉटचे केंद्र दिवसाला सुमारे पंधरा हजार टन कोळसा जाळते. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेसातशे टन. आमच्यासारखे बारा-तेरा कारखाने एका केंद्रामागे हवेत. शिवाय पंजाब सरकारने १ मे २०२३ पासून वीटभट्ट्यांना वीस टक्के पेंढ्याची कांडी सक्तीची केली. मागणी कागदावर भरपूर आहे. एका वीजकेंद्राने आमचे चार ट्रक ओल जास्त म्हणून परत पाठविले. त्यात चूक आमचीच होती. दुसऱ्याने पैसे नऊ महिन्यांनी दिले, त्यात आमची नव्हती. लुधियानाचे रंगाईचे कारखाने रोख देतात, म्हणून आमचा निम्मा माल आज त्यांच्याकडे जातो.

भगिनीवर्गाकडून आधीच एक चिठ्ठी आली आहे, की ही कांडी घरच्या चुलीत चालेल काय? चालते, पण तिच्यासाठी पंख्याची खास चूल लागते. अशी एक चूल बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार होऊन २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत विकली गेली, आणि चार लाखांच्या आसपास घरांत पोहोचली. धूर जवळजवळ नाही, ज्योत निळसर. आरंभी कांडी पाच रुपये किलोच्या सुमारास मिळे. पुढे उसाच्या चिपाडाला इतर गिऱ्हाइके लाभली, भाव चढला आणि बायकांनी त्या चुली माळ्यावर टाकल्या. टाकाऊ म्हणून जे फुकट मिळते, त्याला मोल येताच ते फुकट राहत नाही. बाबाजींचा मुलगाही आता पेंढ्याचे एकरी पैसे मागतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

एक कबुली राहिली. पेंढा जमिनीतून नेला, की टनामागे सुमारे पंचवीस किलो पोटॅशियम त्याच्याबरोबर जाते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तयार झालेला हॅपी सीडर पेंढा शेतातच पसरून त्यातूनच गहू पेरतो. पुष्कळ शेतांना तोच मार्ग अधिक चांगला आहे, आणि तसे विचारणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही ते सांगतो. सरदारजींना हे आवडत नाही. ते म्हणतात, दुकानात बसून शेजारच्या दुकानाचा पत्ता सांगणारा दुकानदार आम्ही पाहिला नाही. आमच्या बॉयलरातील राख मात्र आम्ही गोण्यांत भरून परत देतो, ती नेण्यासाठी माघात रांग लागते.

बाबाजींचे शेत गेली दोन वर्षे आमच्या यादीत आहे. २०२१ मध्ये आणि त्यानंतरच्या वर्षीही त्यांनी नाव दिले नव्हते. तिसऱ्या वर्षी मुलगा फलक वाचून गेला आणि आठ एकरांपुरते नाव देऊन आला. उरलेल्या चारांचे काय, हे आम्ही विचारले नाही. गेल्या वर्षी नावासमोर बारा एकर होते.

चिटणीसांच्या आज्ञेने शेवटी एक सूचना. हंगाम सुरू झाला, की पहिल्या रविवारी मंडळाची सहल आमच्या कारखान्यावर येणार आहे. बस मंडळाच्या कार्यालयापुढून सकाळी सात वाजता सुटेल. सुती कपडे घालावेत, मुलांच्या नाकातोंडाला रुमाल बांधावा, आणि विडी-सिगारेट व काडीपेटी बसमध्येच ठेवावी. जेवण सरदारजींच्या घरी आहे.